अल थुमामाची वजनदार मंडळी

वजन कमी करायला निघालेल्या माणसाचं वजन उतरेल की नाही ते देवाला ठाऊक, पण किस्से मात्र भराभर चढतात. माझ्याकडे इतके साठलेत की घरी पाहुणे आले की वृषाली, माझी बायको, दारातच बजावते, "ह्यांना डाएटचं विचारू नका हं, भाज्या गार होतील!" आता तुम्ही विचारलंच आहे आणि समोर भाज्याही नाहीत, तेव्हा ऐका.

सुरुवात झाली वाळूत. नोव्हेंबरात हवा जरा बरी होते आणि दोह्यातली सगळी जनता दक्षिणेकडच्या वाळूच्या टेकड्यांवर धावते. आम्हीही गेलो. मी, वृषाली, आमची लेक ईरा आणि तिच्या दोन मैत्रिणी. मोठी जीप होती आणि ड्रायव्हर सुदानचा, अत्यंत अदबशीर माणूस. दोन टेकड्या झकास झाल्या. तिसरीच्या चढावर गाडी रुतली.

त्याने चाकांतली हवा कमी केली, गाडी पुढे-मागे करून पाहिली. गाडी ढिम्म. मग त्याने आरशातून सावकाश एकेकाकडे पाहिलं आणि नजर माझ्यावर थांबली.

"सर, प्लीज, यू कम डाऊन."

मी उतरायला लागलो तशी वृषालीही उठली, मुलीही उठल्या. तो घाईघाईने म्हणाला, "नो नो मॅडम! यू सिट. चिल्ड्रन सिट. ओन्ली सर."

ओन्ली सर उतरले. पोटऱ्यांपर्यंत वाळूत गेले. आणि गाडी, काय सांगू, काही झालंच नव्हतं अशी अलगद वर निघून गेली! मुलींनी टाळ्या वाजवल्या. ईरा खिडकीतून ओरडली, "बाबा, इट वर्क्ड!"

मऊ वाळूत गाडी थांबवता येत नाही, म्हणून ती पार टेकडीच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. तो चढ मी चढलो. एक पाऊल वर, अर्धं खाली. वर पोहोचलो तेव्हा शर्ट पिळून काढावा असा झाला होता आणि छातीत ढोल वाजत होता. ड्रायव्हरने पाण्याची बाटली दिली, दार उघडून धरलं आणि फार काळजीने म्हणाला, "सर, नाऊ प्लीज... सिट स्लोली."

परतताना गाडीत मी वृषालीला म्हटलं, "उद्यापासून."

"काय उद्यापासून?"

"सगळंच!"

*

मी मूळ नाशिकचा. इथे दोह्यातल्या मुशैरिब भागात एका ऑफिसात प्लॅनिंग इंजिनिअर. दुसऱ्यांचे प्रोजेक्ट वेळेत कसे संपतील हे ठरवायचं माझं काम, आणि स्वतःचा हा प्रोजेक्ट मी चाळिशी उलटून बरीच वर्षं झाली तरी सुरूच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवे बूट घालायला बसलो. बूट होते, पाय होते, मधे पोट होतं. शेवटी नाड्या वृषालीने बांधल्या.

आम्ही अल थुमामाला राहतो. घरामागेच बाग आहे, कडेने चालायचा छान रबरी ट्रॅक. पहिल्याच फेरीत बाबागाडी ढकलत पळणारी एक बाई मला मागे टाकून गेली. मग हातात जपमाळ घेतलेले एक वयस्कर अरब गृहस्थ गेले. मग एक मांजर गेलं, तेही रमतगमत. पहिलं बाक दिसलं तेव्हा मी त्यावर जवळजवळ कोसळलोच.

बाकावर आधीच दोघं बसली होती. एक पन्नाशी ओलांडलेल्या, चांगल्या भरभक्कम बाई, गुडघ्याला पट्टा. शेजारी बस ड्रायव्हरच्या गणवेशातला एक तसाच ऐसपैस माणूस. तिघांच्या वजनाने बाक करकरलं. बाई शांतपणे मराठीत म्हणाल्या, "दत्ताभाऊ, उठा आता. बाक मोडलं तर पालिका आपल्यालाच शोधत येईल."

असं आमचं त्रिकूट जमलं. बाई म्हणजे सुधाताई. राजापूरच्या, इथल्या एका इंग्रजी शाळेत गणित शिकवतात. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि दत्ताभाऊ त्याच शाळेची बस चालवतात. मूळचे परभणीचे. बायको आणि दोन मुली गावी, स्वतः इथे पाच-सहा जणांबरोबर एका खोलीत. दिवसभर स्टिअरिंगमागे बसून पोट सुटलं आणि नंतर साखर वाढली. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या मेडिकलला साखर खाली दिसली नाही तर बस चालवायला फिट असं लिहून देता येणार नाही. मुलींची शिक्षणं त्या बसवरच चालली होती.

"म्हणून चालायलोय साहेब," दत्ताभाऊ म्हणाले. "मला हौस न्हाई."

आमची पद्धत साधी होती. एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत चालायचं. बाक आलं की दत्ताभाऊ पुकारायचे, "मॅडम, स्टॉप!" की बसायचं. दम खायचा. उठायचं. पुढचा स्टॉप.

काही आठवडे असेच गेले. मग एका संध्याकाळी पहिलं बाक आलं, दत्ताभाऊंनी पुकारलं, "मॅडम, स्टॉप!" आणि सुधाताई थांबल्याच नाहीत. चालता चालता विचारतात, "उतरणारं कुणी आहे का?"

दत्ताभाऊंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "कुणी दिसंना."

"मग मारा डबल बेल!"

आणि आमची गाडी तशीच पुढे निघाली. अहो, मला उतरायचं होतं! पण तसं बोलायला श्वास कुणाकडे होता!

*

दत्ताभाऊंच्या खोलीत सगळे आळीपाळीने स्वयंपाक करतात. चांगली झणझणीत, वर बोटभर तेल तरंगणारी आमटी आणि भाताचा डोंगर. दत्ताभाऊंनी भात सोडला. तर्री सोडली. चहातली साखर सोडली. आपली आमटी ते फोडणी पडायच्या आधीच वाटीत काढून घ्यायला लागले. खोलीतल्या लोकांना हे काही ठीक दिसेना. त्यातल्या एका गाववाल्याने परस्पर परभणीला फोन लावला. "वहिनी, दत्ता जेवना बघा धड."

झालं! त्या दिवसापासून व्हिडिओ कॉलवर रुक्मिणीवहिनींची उलटतपासणी सुरू झाली. चेहरा उतरलाय, गालफडं बसलीत, गळ्याचं हाड दिसायलंय.

"काय लपवायलात तुम्ही माझ्यापासून?"

"अगं, डाएट करायलोय."

"डाएट म्हणजे डॉक्टरनं खाणं बंद केलं ना? मग आजारच झाला की!"

तशी ती बाई चुकत नव्हती. साखरेचं दत्ताभाऊंनी घरी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही बागेत असताना पुन्हा कॉल आला. पडद्यावर वहिनी, मागे त्यांच्या सासूबाई, कडेला दोन्ही मुली. सगळ्यांचे चेहरे रडवेले.  शेवटी सुधाताईंनी फोन हातात घेतला.

"वहिनी, मी ह्यांच्याच शाळेत शिकवते. ह्यांची साखर वाढली होती, ते ह्यांनी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्यावर मी नंतर बोलते त्यांच्याशी. पण आता ती उतरतेय. रोज चालतात, मोजकं जेवतात. तुमचा नवरा आजारी पडू नये म्हणून हे सगळं चाललंय. आम्ही तिघंही तेच करतोय."

 वहिनी पडद्याजवळ आल्या, सुधाताईंना नीट न्याहाळलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "तुम्हीबी तेच करायलात का मॅडम?"

"हो, रोज."

"मग तुमच्यावर काहीच फरक कामून दिसंना?"

सुधाताई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना धरून बसवावं लागलं. त्या दिवशी आमची बस पहिल्याच स्टॉपला मुक्कामी!

*

माझं दुखणं वेगळं होतं. माझं दुखणं म्हणजे करक.

इथे नवीन आलेल्यांसाठी सांगतो, करक म्हणजे आपला कडक चहा. दूध आटवून, वेलची घालून, साखरेचा पाक म्हणावा इतका गोड. दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न वाजवायचा, चहा खिडकीत येतो. उतरायचीसुद्धा गरज नाही. आमच्यासारखी माणसं घडतात ती अशी! ऑफिसातून घरी येताना माझा हॉर्न ठरलेला होता. दुकानातले कुट्टीभाई हॉर्नवरून मला ओळखायचे.

डाएट सुरू झालं आणि मी तो रस्ता धरला तरी काच वर ठेवून, नजर समोर ठेवून पुढे जायला लागलो. एक दिवस नेमकं त्याच दुकानापुढे ट्रॅफिक तुंबलं. माझ्या मागच्या गाडीवाल्याने वैतागून हॉर्न दिला. आणि कुट्टीभाई हातात कप घेऊन हसत हसत माझ्या खिडकीशी हजर!

"सर! कितने दिन बाद!"

मी काच खाली केली. वेलचीचा वास आत आला. जीव कासावीस झाला, पण म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. "भाई, नहीं चाहिए. शक्कर बंद है."

"बिना शक्कर लाता हूँ."

"दूध भी कम है."

कुट्टीभाईंनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, वो तो गरम पानी हुआ."

"डाएट चालू है, भाई. डॉक्टर, वॉकिंग, सब."

आता त्यांच्या लक्षात आलं. चेहरा एकदम गंभीर झाला. मान डोलावली. आत गेले. पुढची गाडी अजून हलत नव्हती. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात परत आले. हातात बोटभर उंचीचे दोन इवले कागदी कप.

"डाएट के लिए छोटा कप आता है सर. दो दे दूँ?"

मी दोन्ही परत केले. घरी येऊन वृषालीला म्हटलं, आज मी जे केलं ते कुणीतरी पाहायला हवं होतं. ती म्हणाली, "काय केलंत?" मी म्हटलं, "काहीच नाही." आणि हे सांगताना मला जो अभिमान वाटत होता, तो प्रमोशनच्या दिवशीही वाटला नव्हता!

*

मग रमजान आला.

शाळा लवकर सुटायची, ऑफिस लवकर सुटायचं, म्हणून आम्ही मावळतीच्या आधी चालायला लागलो. तोवर आमची मजल बागेबाहेर गेली होती. बागेतून निघून मुख्य रस्त्याने सिग्नलपर्यंत आणि परत. पहिल्याच दिवशी सिग्नलला पोहोचलो आणि रोजा सोडायची वेळ झाली. त्या वेळी चौकाचौकात तरुण पोरं उभी असतात. घरी पोहोचायला उशीर झालेल्यांना उपाशी राहायला नको, म्हणून गाडीगाडीत खाण्याचे डबे देतात. खजूर, ताक, पाणी, समोसे, कधी बिर्याणी.

आम्ही तिघं घामाघूम, ओठ कोरडे, सुधाताई लंगडत, दत्ताभाऊ गणवेशात. पांढऱ्या शुभ्र, पायघोळ अरबी तोबमधला एक पोरगा धावतच आला. आमचे चेहरे पाहून त्याला भडभडून आलं असावं. तीन डबे पुढे केले.

मी म्हटलं, "शुक्रन, शुक्रन, नो, थँक यू. डाएट."

त्याला वाटलं आम्ही संकोचतोय. त्याने आणखी दोन ठेवले.

"नो नो, वी आर ओन्ली वॉकिंग. फॉर वेट."

वेट म्हणजे थांबायचंय असं त्याला ऐकू गेलं. "नो वेट, अंकल, नो वेट! टेक, टेक!" म्हणत त्याने मित्राला हाक मारली. मित्र फळांची पिशवी घेऊन आला. एवढ्या प्रेमाने दिलेलं नाकारायचं तरी कसं? रस्ता ओलांडला तर पलीकडच्या कोपऱ्यावर दुसरी तुकडी उभी!

घरी परतलो तेव्हा तिघांचे दोन्ही हात भरलेले होते. वृषालीने दार उघडलं, डब्यांची चळत पाहिली आणि म्हणाली, "चालायला गेला होता की वऱ्हाडात?"

ते डबे दत्ताभाऊ खोलीवर घेऊन गेले. खोलीतल्या मंडळींचं डाएटबद्दलचं मत त्या दिवसापासून एकदम सुधारलं. महिनाभर रोज विचारायचे, "दत्ताभाऊ, आज जाणार ना चालायला?"

*

मे उजाडला की बाहेर चालणं संपतं. मावळतीनंतरही भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा येतो. बऱ्याच जणांचा निश्चय इथेच वितळतो. आम्ही मात्र एका सुपरमार्केटच्या वरच्या मजल्यावर छोटी जिम होती, तिथे नाव घातलं. सुधाताई बायकांच्या वेळेला जायच्या, दत्ताभाऊ आणि मी पुरुषांच्या.

आमचा ट्रेनर अलेक्झांड्रियाचा. नाव हानी, पण इजिप्तमध्ये ट्रेनरला कॅप्टन म्हणतात, म्हणून कॅप्टन हानी. दत्ताभाऊंनी पहिल्याच दिवशी आदराने विचारलं, "कॅप्टन साब, कौनसे जहाज पे थे?"

कॅप्टनचं सगळं मनासारखं होतं, फक्त त्याला शेवट ही गोष्ट मान्य नव्हती. "यल्ला, लास्ट वन!" म्हणायचा. यल्ला म्हणजे चला. आम्ही जीव खाऊन ते करायचो. "खलास?" मी विचारायचो. "खलास, हबीबी. नाऊ लास्ट वन!"

पहिल्या दिवसाच्या शेवटी मी मॅटवर उताणा पडलो होतो. छताचा पंखा दोन-दोन दिसत होता. कॅप्टनने वरून वाकून विचारलं, "टुमॉरो कमिंग?"

मी इथल्या रीतीप्रमाणे म्हटलं, "इन्शाल्ला."

कॅप्टन एकदम ताठ झाला. "नो, नो, नो! आय नो धिस इन्शाल्ला! एव्हरी फॅट मॅन से मी इन्शाल्ला अँड नेव्हर कम! यू से, येस ऑर नो?"

मी म्हटलं, "येस."

"गुड. नाऊ से इन्शाल्ला."

दत्ताभाऊंचं वेगळंच चाललं होतं. वजन उचललं की त्यांच्या तोंडून आपोआप निघायचं, "आई गं!" खाली ठेवलं की "आई गं!" पुन्हा उचललं की "आई गं!" कॅप्टनने बरेच दिवस हे लक्ष देऊन ऐकलं. त्याला वाटलं, हिंदुस्थानात व्यायाम करताना जोर यावा म्हणून असं म्हणतात. त्याला शब्द आवडला. त्याने तो उचलला.

ऑगस्टात जिममध्ये पुण्याचा एक नवीन मुलगा आला. दारातच थबकला. आत तो इजिप्तचा आडदांड कॅप्टन टाळ्या वाजवत फिरत होता, एक सीरियन, दोन फिलिपिनो आणि एक केनियाचा माणूस वजनं उचलत होते आणि पाचही जण एका सुरात ओरडत होते, "यल्ला! आई गं! यल्ला! आई गं!"

*

हे सगळं ऐकून वाटेल, वजन सटासट उतरत होतं. छे! सुरुवातीला बरंच उतरलं, आणि मग काटा जो अडकला तो अडकलाच. आठवडेच्या आठवडे तोच आकडा. मी काटा सरकवून पाहिला, फरशी बदलून पाहिली, सेल बदलले. खाणं मोजकं, घाम तेवढाच, आकडा तोच. एक दिवस मी सुधाताईंना फोन केला. "ताई, मला वाटतं माझ्या नशिबात एवढंच आहे. सोडून द्यावं म्हणतो."

"थांबा," त्या म्हणाल्या. "गेली दहा वर्षं वजन दर वर्षी काय करत होतं?"

"वाढत होतं."

"आणि आता?"

"तिथेच आहे ना! तेच तर सांगतोय!"

"अहो, तुमची रेषा वर चालली होती, ती खाली आली आणि आता आडवी आहे. आडवी रेषा म्हणजे काही नापास नव्हे. पुढे कुठे वळवायची ते तुमच्याच हातात आहे. उद्या जिमला जा."

 वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला एकदम गणित कळावं तसं माझं झालं. दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेलो. आणि काही आठवड्यांनी काटा खरंच हलला.

त्या फोनवर मी शेवटी विचारलं होतं, "आणि तुमची रेषा कशी आहे, ताई?"

"ते परीक्षेला नाही," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

*

दत्ताभाऊंचं मेडिकल हिवाळ्याच्या तोंडाशी होतं.  रिपोर्टच्या दिवशी मी मुशैरिबला मीटिंगमध्ये होतो. फोन थरथरला. नाव पाहिलं आणि माफी मागून बाहेर आलो.

पलीकडून नुसताच श्वास ऐकू येत होता.  "दत्ताभाऊ? काय झालं?"

"साहेब... साहेब, फिट लिहिलं."

मी काचेच्या त्या चकचकीत कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा राहिलो. डोळे भरून आले. मग हळूहळू त्यांचा आवाज मोकळा झाला आणि सगळं सांगितलं. साखर उतरली होती, वजन उतरलं होतं. डॉक्टर एकदा रिपोर्टकडे पाहत होता, एकदा जुन्या कार्डावरच्या फोटोकडे, एकदा ह्यांच्याकडे. शेवटी म्हणाला, "ये तुम ही हो?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, डॉक्टर साब, फोटो पुराना है. खून नया है!"

*

आता शेवटचा. हा मी फार वेळा सांगितलाय, तरी पुन्हा सांगतो.

फेब्रुवारीत इथे क्रीडादिनाची सुट्टी असते. सगळा देश बूट घालून बाहेर पडतो. समुद्रकाठच्या रस्त्यावर सगळ्यांसाठी तीन किलोमीटरची चालण्या-पळण्याची शर्यत होती. सुधाताईंनी आम्हाला न विचारता तिघांची नावं देऊन टाकली. दत्ताभाऊ आणि मी तोवर बरे हलके झालो होतो. सुधाताई आमच्याइतक्या नव्हत्या. गुडघा अजून तसाच होता, पट्टाही तसाच.

शिट्टी वाजली, मी मनगटावरचं घड्याळ शून्यावरून सुरू केलं आणि हजारो माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली. मग आज्या गेल्या, मग लहान मुलं, मग एक नवरा-बायको जुळ्यांची बाबागाडी घेऊन. शेवटी रस्त्यावर उरलो आम्ही तिघं आणि आमच्या मागे सायकलवर एक स्वयंसेवक. सर्वांत शेवटच्या स्पर्धकाच्या मागे राहायचं असं त्याचं काम. सुधाताईंच्या वेगाने सायकल चालवणं त्याला जमेना, दर चार पावलांनी पाय टेकावा लागायचा. शेवटी तो उतरला आणि सायकल हातात धरून चालायला लागला.

"तुम्ही दोघं व्हा पुढे," ताई म्हणाल्या.

"न्हाई मॅडम," दत्ताभाऊ म्हणाले. आणि विषय संपला.

शेवटचं वळण आलं आणि आम्हाला पुढचं दिसलं. हवा भरलेली ती मोठी निळी कमान, शर्यत संपायची जागा, खाली बसत होती. माणसं दोऱ्या सोडत होती, खुर्च्या टेम्पोत चढवत होती. शर्यत त्यांच्या लेखी संपली होती.

दत्ताभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघं पळालो. हो, मी पळालो! कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा. दोन्ही हात वर करून, ओरडत, "भाई, रुको! रुको!"

कमानीपाशी उभा असलेला माणूस दचकला. "सब आ गए ना?"

"एक बाकी है!"

त्याने कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं. वळणावर एक ठिपका, शेजारी सायकलीचा दुसरा ठिपका. "मशीन तो गाडी में चढ़ गया, साब. अब हवा कहाँ से भरूँ?"

कमान आमच्या कमरेपर्यंत आली होती. दत्ताभाऊ एका बाजूला खाली शिरले आणि खांदा लावून उभे राहिले. मी दुसऱ्या बाजूने शिरलो. तिथे आमची वाट पाहत थांबलेली वृषाली मधे आली, ईरा आली. मग तो माणूसही आला आणि त्याचे दोन साथीदारही. ते प्लास्टिक भयंकर जड असतं हो! हात डोक्यावर, मान वाकडी, घाम डोळ्यांत, आणि सगळे समोर बघत उभे.

सुधाताई येत होत्या. घाई नाही, थांबणं नाही. उजवा पाय टाकायचा, डावा ओढून घ्यायचा. उजवा टाकायचा, डावा ओढायचा. ईरा कमानीखालून ओरडत होती, "कम ऑन मावशी! कम ऑन!" जवळ आल्यावर दिसलं, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि चेहरा लालबुंद झाला होता. आम्ही हात आणखी ताणले. त्या किंचित वाकल्या आणि आमच्या हातांखालून पलीकडे गेल्या.

टाळ्या वाजवायला कुणाचेच हात मोकळे नव्हते.

कमान खाली ठेवून आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो. एक तरुण स्वयंसेविका पाण्याची बाटली आणि पदक घेऊन आली. पदक गळ्यात घातलं. मागून एक छोटी बॅटरीवरची गाडी आली.

"मॅम, युवर कार इज अ‍ॅट द स्टार्टिंग पॉइंट, राइट? प्लीज सिट, वी विल ड्रॉप यू."

सुधाताई सावकाश पाणी प्यायल्या. गाडीकडे पाहिलं. आलो त्या रस्त्याकडे पाहिलं.

"हाऊ फार?"

"सेम, मॅम. थ्री किलोमीटर्स."

ताईंनी रिकामी बाटली दत्ताभाऊंच्या हातात दिली, वाकून गुडघ्याचा पट्टा सोडला, पुन्हा घट्ट आवळला आणि मला म्हणाल्या, "महेश, घड्याळ शून्यावर आणा. मघाची प्रॅक्टिस होती."